खड्ड्यांचे अनुभव सांगा, बर्फातले असोत की पावसातले

मी मूळची अमळनेरची, सहा वर्षं झाली कॅनडात, ओंटारिओमधल्या एका छोट्या गावात. येताना वाटलेलं चला खड्डे तरी सुटले. पहिल्याच मार्चमधे गाडी अशी आदळली की अर्धा चहा मांडीवर. आईला फोनवर सांगितलं तर म्हणे, "आठे बी खड्डा नि तठे बी खड्डा, मग इतली दूर कसाले गयी वं तू?"

जानेवारीत उणे 20 असतं तेव्हा रस्ता गुमान पडून असतो. खरा तमाशा फेब्रुवारी संपता संपता, दिवसा 4 आणि रात्री उणे 8. दिवसा वितळलेलं पाणी डांबराच्या भेगेत उतरतं, रात्री गोठतं, गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, सकाळी परत पाणी होऊन खाली पोकळी राहते, असं पंधरा-वीस दिवस चाललं की एखादा ट्रक जातो नि वरचं डांबर पापडासारखं मोडतं. म्हणून इथे मार्च-एप्रिलमधे पाट्या लावलेल्या रस्त्यांवर जड गाड्यांना एका अ‍ॅक्सलला 5 टनाची मर्यादा असते.

तक्रारीचं सांगते. ओंटारिओत नियमात आकडेच दिलेत. आमच्या गल्लीसारख्या रस्त्यावर खड्डा 8 सेंटीमीटर खोल आणि 1000 चौरस सेंटीमीटर, म्हणजे साधारण फूट बाय फूट असला, की कळल्यापासून ठरलेल्या मुदतीत बुजवायचा. मुदत रस्त्याच्या वर्गाप्रमाणे 4 दिवसांपासून 30 दिवसांपर्यंत. आता 8 सेंटीमीटर मोजायचे कशाने, टेप सापडेना, मग घरातून लाटणं नेलं, त्यावर पेनाने खूण केली नि खड्ड्यात उभं धरून फोटो काढला. समोरचे आजोबा खिडकीतून बघत होते, त्यांना अजून वाटतं की ही आमची काहीतरी पूजा आहे. पण फोटो, घर नंबर आणि कुठल्या बाजूची लेन एवढं टाकल्यावर तक्रार नंबर आला आणि नवव्या दिवशी माणसं आली.

टायरला फुगा आला, रिम वाकली त्याचे पैसे मात्र गेले. लेखी नोटीस 10 दिवसांत द्यायची असते, मी बाराव्या दिवशी दिली. आणि वेळेत देऊनही गावाने नियमाप्रमाणे देखभाल केल्याचं दाखवलं तर काही मिळत नाहीच म्हणे.

तुमचे अनुभव टाका, तिकडचे पण.

केळीवाला रावेर
ताई तुमच्या मांडीवर चहा सांडला, आमचा इथे माल सांडतो. बागेतून घड उतरवून ट्रकमधे केळीचीच पानं अंथरून भरतो, तरी खराब पट्टा लागला की घडावर घड घासतो. डाग लगेच दिसत नाही, पिकायला लावल्यावर काळा पडतो, नि मग व्यापारी भाव पाडतो. तक्रार केळीची करू का रस्त्याची, सांगा ना भो. ते 5 टनवालं इकडे लागू झालं तर आमची केळी बागेतच पिकतील.

धुळेकर
थंडी आमच्याकडे पण कमी नसते, डिसेंबरात पारा 6-7 वर येतो, खड्डे त्याच्यानेच पडत असतील.

साइटवरचा
नाही भाऊ, पाणी गोठायला शून्य लागतं. आपल्याकडे दोष काळ्या मातीचा. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा, वर रस्ता टिकणार कसा. त्यात साइडची गटार तुंबलेली, पाणी डांबराखाली शिरून खडी सुटी करतं. ताईंकडे पण चोर पाणीच आहे, फक्त आमच्याकडे तो बर्फाचा वेश घेत नाही. मी सोळा वर्षं हेच काम करतोय, उताराने पाणी काढलं नाही तर वरून कितीही डांबर ओता. आणि गणपतीआधी टाकलेला मुरूम दिवाळीला नाकात जातो हे सगळ्यांना माहितीये.

तापीकाठ
आपल्याकडे पहिला प्रश्न हा की खड्डा कोणाचा. आमच्या चौकातला एक खड्डा मी तीन ऑफिसांत फिरवला. पालिका म्हणे बांधकामचा, बांधकाम म्हणे तो हायवेचा, हायवेवाले म्हणे आमची हद्द अलीकडेच संपली. शेवटी खांबाचा नंबर नि लोकेशन टाकून तक्रार केली तर आठवड्याने "निराकरण केले" असा मेसेज, सोबतचा फोटो भलत्याच रस्त्याचा, त्यात नारळाचं झाड. आमच्या चौकात नारळ कुठून आला! राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1033 ला फोन लागतो किंवा राजमार्गयात्रा अ‍ॅपवर फोटो टाकता येतो, ते तरी बरं. आणि रस्ता नवा असेल तर दोषदायित्व कालावधी विचारा, तो संपलेला नसेल तर ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने दुरुस्त करायचा असतो, हे विचारलं की समोरच्याचा आवाज लगेच मऊ होतो.

शेंगोळे
आम्ही खड्ड्यात बेशरमचं झाड लावलं. दुसऱ्या दिवशी मुरूम आला. झाड तसंच ठेवून भोवती टाकला.

चाळीसगावची
हसण्यावारी नेऊ नका, माझा मामेभाऊ ऑगस्टमधे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात बाइकसकट गेला, वरून सपाट डबकं दिसत होतं. हासडी मोडली. आम्ही सगळे दवाखान्याच्या धावपळीत, ना जागेचा फोटो ना पोलिसांत नोंद, आणि चार दिवसांनी तो खड्डा बुजवला पण. नंतर ऑक्टोबर 2025 मधे मुंबई हायकोर्टाने खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर 6 लाख आणि जखमीला 50 हजार ते अडीच लाख भरपाई द्या असं सांगितलं तेव्हा घरात सगळे एकमेकांकडे बघत बसलो. दाखवायला आमच्याकडे फक्त एक्सरे.

भुसावळ ते मिनेसोटा
ताई तुमच्या माणसांनी काय टाकलं? इकडे हिवाळ्यात गरम डांबराचे प्लांट बंद असतात, मग थंड मिक्स फावड्याने टाकतात नि त्याच ट्रकचं चाक वरून फिरवतात. खड्ड्यात पाणी असताना टाकलेलं टिकत नाही, मी पण माझ्या ड्राइव्हवेला दुकानातली पिशवी आणून भरलं, आधी पाणी उपसून झाडून घेतलं तेव्हा कुठे उन्हाळा बघितला त्याने.

अमळनेरची (धागाकर्ती)
दादा, हेच, थंडवालं, आणि पाणी उपसताना तरी मी कोणाला बघितलं नाही. काल रात्री परत उणे 8 होतं. आज सकाळी अख्खा पॅच भाकरीसारखा निघून कडेला पडलाय. नवीन तक्रार नंबर घेतलाय, लाटणं अजून गाडीतच आहे.