गिझर 'फुटतो' म्हणायचं का?

मुंगूस: अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्कमधल्या ओल्ड फेथफुलवरचा, म्हणजे थांबून थांबून गरम पाणी उडवणाऱ्या झऱ्यावरचा (इंग्रजीत गिझर) मजकूर भाचीच्या प्रोजेक्टसाठी मराठीत करतोय. 'हा गिझर साधारण दर दीड तासाने फुटतो' असं लिहिलं तर बहीण म्हणते वाचणारा आधी बाथरूमकडे पळेल. इरप्टला काय लिहू?

खवट म्हातारा: उष्णोत्स. 'उष्णोत्साचा उद्रेक होतो.' संस्कृतातून आयता शब्द मिळतोय तर उसनवारी कशाला?

शेवंती: काका, पोरीला ते पाठ करून बोलायचंय हो. गरम पाण्याचं कारंजं म्हणा ना सरळ.

भूगोलवाली: कारंजं अजिबात नको, ते चालू केलं की चालूच, इथे सगळी गंमत मधल्या थांबण्यात आहे. खाली अरुंद नळीत पाणी साठतं, वरच्या पाण्याच्या दाबामुळे तळचं पाणी १०० अंशांच्या वर तापलं तरी उकळत नाही, मग वाफेचे बुडबुडे वरचं थोडं पाणी बाहेर ढकलतात, दाब उतरतो आणि तळचं पाणी भसकन वाफ होऊन उरलेलं सगळं वर भिरकावतं. मग नळी परत भरायला लागते. आइसलँडला स्ट्रोक्कुर नावाचा गिझर बघितलाय, उडायच्या आधी पाण्याचा निळसर घुमट फुगतो आणि फुटतोच तो, शब्दशः. 'फुटतो'च ठेवा.

शेवंती: पण ओल्ड फेथफुलला कुठे घुमट? तो बुटक्या शंकूच्या तोंडातून उडतो. 'उसळतो' बरं.

भूगोलवाली: बरं चालेल, मूळ आइसलँडिक 'गेयसा' म्हणजे उसळणंच. गेयसिर हे तिथल्या एकाच झऱ्याचं विशेषनाम, बाथरूमवाल्यांनी ते नंतर ढापलं.

राजापूरकर: आमच्या उन्हाळे गावात गरम पाण्याचा झरा आहे आणि जवळच राजापूरची गंगा, म्हणजे दुसरा झरा, ती मनात येईल तेव्हा येते नि जाते. आम्ही 'गंगा आली' म्हणतो, फुटली उसळली कोणी म्हणत नाही. तसंच 'गिझर आला' लिहा की.

खवट म्हातारा: 'गिझर आला' म्हणजे डिलिव्हरीवाला आला. आणि तुमची गंगा गार, तिचा इथे संबंध काय?

राजापूरकर: संबंध लहरीपणाचा!

शेवंती: आमच्याकडे गिझर नव्हताच, बंब होता. तो पण पोर्तुगीज ना, बोंबा?

खवट म्हातारा: काहीतरीच. बंब पाण्याचा आवाज करतो म्हणून बंब, ध्वन्यनुकारी आहे.

भूगोलवाली: मग आगीचा बंब? तो पाणी मारतो म्हणूनच ना, बोंबा म्हणजे पंप. शेवंती बरोबर आहे.

खवट म्हातारा: आगीचा बंब घंटा वाजवत यायचा. आवाजच झाला की तो.

राजापूरकर: बंबातल्या मधल्या नळीला, जिच्यात कोळसे टाकतात, तुमच्याकडे काय म्हणायचे? आमची आजी नळकांडं म्हणायची.