ऊसतोडीला आलेल्या गरोदर बाईला आपल्या गावच्या अंगणवाडीत आहार मिळतो का?

रानातली_वहिनी, करवीर
नमस्कार. आमच्या रानाच्या कडेला दिवाळीनंतर बीडकडची टोळी उतरलीय, दहा-बारा खोपी आहेत. त्यातली एक पोरगी, असेल विशीची, सातवा लागलाय तिला आणि कडेवर सव्वा वर्षाचं पोर. पहाटे चारला थंडीत नवऱ्याबरोबर फडात जाते, पोराला बांधावर पाचटावर गोधडी टाकून निजवते आणि दिवसभर मोळ्या बांधते. परवा मी चहा दिला तर निम्मा तिनं बशीत ओतला, त्यात बिस्किट बुडवून पोराला भरवलं, म्हणाली सकाळपासनं एवढंच खाल्लंय त्यानं. लै तुटलं आतनं. अंगणवाडीत घेऊन गेले तर म्हणाले नाव हिचं गावाकडं, इथं येत नाही, रेशनकार्ड आणा. रेशनकार्ड तिकडं सासूकडं. मग मार्चपर्यंत या लेकरानं काय खायचं? कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा, मी स्वतः तिला घेऊन जायला तयार आहे.

सेविका_शिरोळ
ताई, मी बावीस वर्षं अंगणवाडी चालवतेय, आमच्याकडं दर हंगामाला टोळ्या येतात. पहिली गोष्ट, अंगणवाडीच्या आहाराला रेशनकार्ड लागत नाही, पिवळं नाही की केशरी नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात हा हक्क लिहिलेला आहे, गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर सहा महिने, आणि लेकराला सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत. मूळ कायद्यात तिला रोज 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं मिळतील एवढा आणि पोराला 500 कॅलरीचा आहार धरला होता, 2023 ला ते प्रमाण बदललं; आहार वर्षातले 300 दिवस मिळतो. पोर तीन वर्षांखालचं म्हणजे त्याचा आणि आईचा दोघांचाही घरी न्यायचा आहार, टीएचआर म्हणतो आम्ही, तो मिळतो.
खरी अडचण वेगळी आहे. सगळं आता पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर चालतं, तिचं नाव तिकडच्या अंगणवाडीत असेल तर ते इकडं वळवायची सोय ॲपमध्ये आहे. तिकडच्या सेविकेचा नंबर घ्या तिच्याकडनं, दोन्हीकडच्या सेविका फोनवर बोलल्या की काम लवकर होतं, नाहीतर लेकरू तिकडं कागदावर जेवत राहतं आणि इथं उपाशी. आणि जुलै 2025 पासून ॲपला चेहरा दाखवल्याशिवाय आहाराचं पाकीट देता येत नाही, त्याच्या नोंदणीला आधारच्या नंबरवर ओटीपी येतो. तो फोन बहुतेक वेळा गावाकडं सासऱ्याच्या खिशात असतो! त्यामुळं आधी सासऱ्याला फोन लावून ठेवा आणि मगच अंगणवाडीत जावा. पोराचं आधार नसलं तरी अडत नाही, आईचं चालतं. एवढं करूनही नाही म्हटलं तर सुपरवायझर बाईंना भेटा, आणि बोलण्यात बसू नका, लेखी अर्ज द्या.

आशा_गडहिंग्लज
सेविकाताईंनी बरोबर सांगितलंय. मी एवढंच सांगीन की आधी पोराचा दंड मोजून घ्या, आशाकडं रंगीत पट्टी असते. 11.5 सेंटीमीटरच्या खाली भरला तर ते अतितीव्र कुपोषण, मग पाकिटाची वाट बघत बसायचं नाही, सरळ सरकारी दवाखाना, आणि पायावर सूज असेल किंवा पोर खातच नसेल तर त्याच दिवशी. तिचं माता-बाल कार्ड आहे का बघा, लस आणि तपासणी कुठल्याही गावात होते, गाव बघत नाहीत. बाळंतपण इथंच होणार असेल तर सरकारी दवाखान्यात सगळं फुकट, सिझर झालं तरी, 102 ची गाडी पण. आणि दुसरं बाळ मुलगी झाली तर सरकारच्या मातृवंदना योजनेतनं 6000 रुपये मिळतात, ते लोकांना माहीतच नसतं.

पाचटातला_पोरगा
मी टोळीतच वाढलोय म्हणून लिहितो. वहिनी, तिला दिवसा अकराला अंगणवाडीत बोलवू नका. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, बाई आली नाही तर खाडा पडतो आणि तो उचलीत, म्हणजे मुकादमाकडनं आधीच घेतलेल्या पैशांत, चढतो, म्हणून ती हो हो म्हणेल आणि येणार नाही. सेविकेलाच संध्याकाळी खोपीवर आणा, एका खेपेत सगळ्या बाया-पोरांची नावं होतील. आणि पाकीट मिळालं की ते एका पातेल्यात शिजतं आणि सगळे खातात, आमच्यात तसंच व्हायचं, आई शेवटी खरवड खायची. तिच्या वाट्याचं तिनंच खावं हे तिच्या नवऱ्याला सांगा, तिला नको, तिला माहीत असतं.

रानातली_वहिनी, करवीर
सगळ्यांचे खूप आभार. आशाताई आज येऊन गेल्या, पोराचा दंड 11.8 भरला, म्हणजे पट्टीच्या पिवळ्या रंगात, मध्यम कुपोषणात आहे. वजन पण केलं. खोपीवर अजून सात पोरं निघाली सहा वर्षांखालची आणि एक पंधरा दिवसांची बाळंतीण, जिची कुठंच नोंद नाही. सेविका बाई सोमवारी संध्याकाळी येतो म्हणाल्यात. आधारचा फोन खरंच सासऱ्याकडंच निघाला, ते म्हणाले ओटीपी आला की सांगतो पण रानात रेंज नसते, म्हणून सोमवारी पाचनंतर एसटी स्टँडवर जाऊन थांबायला सांगितलंय. तोपर्यंत मी सकाळी एक अंडं आणि शेंगदाण्याचा लाडू देतेय तिला, माझ्यासमोरच खायला लावते.