मदत हवी आहे: बीपीची गोळी सुरू झाली, आता विमान प्रशिक्षक होण्याचं काय?

मंडळी, नमस्कार.

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो, वय ४२. पाच वर्षांपूर्वी पीपीएल (खाजगी वैमानिकाचा परवाना) काढलं. आतापर्यंत २१४ तास उडालोय, त्यातले १५८ पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेला वैमानिक) म्हणून. यंदा प्रशिक्षक व्हायचं, म्हणजे एफआय सर्टिफिकेट घ्यायचं, ठरवलं होतं. ज्यांनी मला शिकवलं ते आता ७१ वर्षांचे आहेत. क्लबात त्यांच्याखेरीज दोनच प्रशिक्षक उरलेत आणि शिकायला आलेली पोरं महिनोन्‌महिने ताटकळतात. आमच्याकडे सगळे विनामोबदला शिकवतात. माझ्या प्रशिक्षकांनी माझ्यासाठी किती शनिवार खर्ची घातले, हे मला माहीत आहे. ते ऋण फेडायचं आहे.

जूनमध्ये डोकं दुखतं म्हणून डॉक्टरांकडे गेलो, तर रक्तदाब १६४/१००. अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू झाली. त्या दिवसापासून विमानाला हात लावलेला नाही.

क्लबातले काहीजण म्हणतात, "तुझं क्लास २ मेडिकल (खाजगी वैमानिकाचं आरोग्य-प्रमाणपत्र) एप्रिलपर्यंत आहे ना, मग उड की." हे चूक आहे, आणि इथे कुणी नवशिके असतील तर त्यांनीही लक्षात ठेवा. नियमित औषध सुरू झालं, ऑपरेशन झालं, दवाखान्यात दाखल व्हावं लागलं किंवा पहिल्यांदाच चष्मा लागला, की कागदावर तारीख काहीही असो, विमान-वैद्यकाला (एएमई) विचारल्याशिवाय उडायचं नाही.

मी वाचलं त्यावरून, रक्तदाब सतत १६०/९५ च्या वर राहिला तर अनफिट ठरवतात. गोळीने ताब्यात आला आणि गोळी चालण्याजोग्या गटातली असली तर वाट मोकळी होते. अ‍ॅम्लोडिपिन त्या गटात बसते. गेल्या वर्षी, चाळिशीनंतरच्या पहिल्या तपासणीत, ईसीजीही चांगला आला होता. पीपीएलवर शिकवायला क्लास १ (व्यावसायिक वैमानिकांचं मेडिकल) लागत नाही, क्लास २ पुरतं. माझ्या वडिलांनाही चाळिशीतच बीपी लागलं होतं, त्यामुळे हे कधीतरी येणार याची कल्पना होती. पण नेमकं आत्ता यावं याचं वाईट वाटतं.

कारण खरी अडचण वेळेची आहे. पीपीएलधारकाला एफआय कोर्ससाठी २०० तास लागतात, त्यातले १५० कमांडचे. शिवाय १० तास इन्स्ट्रुमेंट प्रशिक्षण (फक्त उपकरणं बघून उडवणं) आणि ५४० किलोमीटरची एक क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याचं उड्डाण). ते सगळं झालं. दोन ठिकाणी उतरत बाल्टिकच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आलो. पण कोर्सआधीच्या चाचणीच्या मागच्या ६ महिन्यांत ५ तास उड्डाण हवं, आणि मी जूनपासून जमिनीवर. त्यात एकइंजिनी विमानाचं रेटिंग (ते उडवायची परवान्यावरची मुभा) डिसेंबरला संपतंय. ते वाढवायला शेवटच्या वर्षात १२ तास लागतात, माझे ९ झालेत.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गोळी सुरू झाल्यावर तुमच्या एएमईने किती दिवसांच्या नोंदी मागितल्या? आणि सीपीएलची (व्यावसायिक वैमानिक परवान्याची) थिअरी आत्ताच सुरू करावी का? ती नसेल तर फक्त एलएपीएलच्या (पीपीएलपेक्षा मर्यादित, हलक्या विमानांच्या परवान्याच्या) विद्यार्थ्यांना शिकवता येतं, आणि आमच्याकडे बहुतेकांना पीपीएल हवं असतं. पण पहिला पेपर दिला की १८ महिन्यांत सगळे विषय सोडवावे लागतात. पैसाही बराच जातो आणि मेडिकल अजून अधांतरी आहे.

प्रतिसाद:

मी नेदरलँड्समध्ये शिकवते. माझ्या बीपीच्या वेळी मी दोन आठवडे सकाळ-संध्याकाळच्या नोंदी आणि डॉक्टरांचं पत्र नेलं होतं. तुमच्या एएमईला आजच मेल करून नेमकं काय हवं ते लेखी विचारा, म्हणजे खेप वाया जाणार नाही. १२ तासांची चिंता नको. मुदतीआधीच्या ३ महिन्यांत परीक्षकासोबत प्रोफिशियन्सी चेक (उड्डाण-कौशल्याची चाचणी) दिला तरी रेटिंग २ वर्षांनी वाढतं; मेडिकलची मोकळीक मिळाली की लगेच तारीख घ्या. थिअरीचा अभ्यास मात्र आत्ताच सुरू करा, वर्गात बसायला मेडिकल लागत नाही. पेपरची नोंदणी तेवढी एएमईचं उत्तर आल्यावर करा. आणि वडिलांच्या बीपीचंही सांगा. फॉर्मवर कुटुंबातल्या आजारांचा रकाना असतो, तो रिकामा ठेवू नका.