मार्था परत जेवण वाढतेच आहे
ताई, लहान मुलांमुळे बायबल उघडायलाच होत नाही आणि त्याचं अपराधी वाटतं असं लिहिलंय तुम्ही, अगदी माझंच वाटलं. माझी धाकटी दीड वर्षाची, डोळे मिटून प्रार्थनेला बसले की बोटांनी माझ्या पापण्या उघडते, म्हणून आता कणीक मळतानाच प्रभूशी बोलते, हात पिठात आणि तोंडात स्तोत्र १२१. बायबलमध्ये लूक १०:३८-४२ मध्ये येशू घरी येतो तेव्हा मार्था कामात गुंतते, तिची बहीण मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसते आणि येशू मार्थालाच समजावतो, ते वाचून सगळे मार्थाला नावं ठेवतात ना, पण योहान ११:२७ बघा, तूच ख्रिस्त, देवाचा पुत्र ही कबुली तिनेच दिलीय, त्याच स्वयंपाकात गुंतलेल्या बाईने! आणि योहान १२:२ मध्ये ती परत जेवण वाढतेच आहे, तिथे येशू तिला काहीच बोलत नाही. मला त्या एका ओळीने फार धीर येतो.