भगंदर, नासूर की नुसतं फिस्टुला?

अनुवादिका
रुग्णांच्या हातात द्यायच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. विषय शौचाच्या जागेचे आजार. फिस्टुलाला मी 'भगंदर' लिहिलं. तपासणाऱ्यांनी शब्दाभोवती लाल गोल केला आणि समासात लिहिलं, "अश्लील वाटतो, शिवाय जुनाट. नाडीव्रण करा." मी लहानपणापासून भगंदर ऐकत आलेय, त्यात वावगं काही आहे असं कधी मनातही आलं नव्हतं. आणि नाडी म्हटलं की माणूस मनगट पुढे करतो. सांगायचं एवढंच आहे की गुदमार्गाच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत एक अरुंद वाट तयार होते. वाचणाऱ्याला 'अरे, हे तर माझंच' असं वाटेल, असा शब्द हवाय.

जुनी पोथी
अश्लील मुळीच नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात व्युत्पत्तीच दिली आहे: भग, गुद आणि बस्ती (मूत्राशय) हा भाग विदारण करतो, म्हणजे फाडतो, म्हणून भगंदर. यातला 'दर' दृ धातूचा, दरी आणि विदीर्ण ही त्याचीच भावंडं. पुळी पिकली नाही तोवर पिडका, पिकली की भगंदर, हा भेदही तिथेच आहे. पाच प्रकारांची नावं तर बघा. शतपोनक म्हणजे चाळणीसारखा, बऱ्याच भोकांचा. उष्ट्रग्रीव म्हणजे उंटाच्या मानेसारखा. शंबूकावर्त शंखाच्या वळशांसारखा. शिवाय परिस्रावी आणि उन्मार्गी. इतकं जवळून पाहून ठेवलेली नावं आपण लाजेखातर टाकायची?

सहअनुवादक
एक अडचण सांगतो. फिस्टुला फक्त या जागेचा नसतो. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडतात, त्यालाही फिस्टुलाच म्हणतात. शब्दकोशात पाहून कुणीतरी तिथे 'हाताला भगंदर' लिहिलेलं मी स्वतः दुरुस्त केलंय. लॅटिनमध्ये फिस्टुला म्हणजे नळी. तेव्हा सगळीकडे चालेल असा एकच शब्द शोधू नका, जागा बघून शब्द निवडा.

शुद्धमराठी
मग नाडीव्रणच योग्य. नाडी म्हणजे नळी, व्रण म्हणजे जखम; नळीसारखी जखम. फिशरलाही, म्हणजे त्या जागी पडणाऱ्या चिरेलाही, आपला शब्द आहे, परिकर्तिका. कात्री ज्या कर्तरीपासून आली तिचाच हा धातू. सगळीकडे इंग्रजी घुसवायचं असेल तर भाषांतर करायचंच कशाला?

जुनी पोथी
परिकर्तिका म्हणजे कातरल्यासारखी वेदना. ग्रंथांत ते लक्षण म्हणून येतं. चिरेला तेच नाव देणं ही अलीकडची सोय आहे. सोय म्हणून हरकत नाही, पण प्राचीन म्हणून खपवू नये.

ओपीडीतली
मी परिचारिका आहे. 19 वर्षांत नाडीव्रण किंवा परिकर्तिका म्हणत आलेला एकही रुग्ण मला भेटलेला नाही. माणूस येतो, दारात घुटमळतो, मान खाली घालून म्हणतो, "मूळव्याध आहे." प्रत्येकाला मूळव्याधच असते. मग मी एवढंच विचारते: दुखतं कधी, रक्त कसं, पू येतो का? शौचाला काच गेल्यासारखं होतं आणि नंतरही तासन्‌तास आग होते, तर बहुतेक वेळा ती चीर निघते. दुखत नाही पण लालभडक रक्त ठिबकतं, तर मूळव्याधीची शक्यता जास्त. आणि "बसायच्या जागेजवळ पुटकुळी येते, फुटते, कपड्याला डाग पडतो, सुकते आणि परत तिथेच येते" असं ऐकलं की मला फिस्टुलाची शंका येते. आतल्या ग्रंथीत जंतुसंसर्ग होऊन गळू झालेलं असतं, ते फुटून वाट पडलेली असते. पत्रकात शब्द कोणताही घाला, पण हे शेवटचं वाक्य जसंच्या तसं घाला.

नवा सभासद
बरेच महिने नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय. वरचं पुटकुळीचं वाक्य वाचून थबकलो. माझं असंच चाललंय, वर्ष होत आलं. मूळव्याधीचं मलम लावतोय. घरात कुणाला सांगितलेलं नाही.

ओपीडीतली
दादा, मलमाने ती वाट बुजत नाही. आपोआपही क्वचितच बुजते. सर्जनला दाखवा. वाट उथळ असेल तर उघडून देतात. शौच धरून ठेवणाऱ्या स्नायूतून जास्त जात असेल तर सरसकट कापत नाहीत, आधी दोरा ओवून ठेवतात, म्हणजे पू साचत नाही. ताप आला, सूज वाढली किंवा ठणका लागला तर थांबू नका, त्याच दिवशी जा. आणि तपासणाऱ्याला यात नवीन काहीही नसतं. त्यांच्यासाठी तो कान तपासण्यासारखाच भाग आहे.

जुनी पोथी
दोऱ्याचा विषय निघालाच आहे तर, आयुर्वेदात भगंदरावर वापरतात ते क्षारसूत्र. स्नुहीचा, म्हणजे काटेरी निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची मिळून 21 पुटं (लेप) चढवलेला दोरा. यातलं 'सूत्र' म्हणजे शब्दशः सूत. भगंदर हा शब्द काढलात तर ही सगळी परंपरा कुठल्या नावाखाली शोधायची?

मोडी
'नासूर' कुणालाच आठवला नाही याचं नवल वाटतं. आजोबा म्हणायचे, "गळवाचा नासूर झाला." फिस्टुलाला इतका चपखल शब्द दुसरा नाही. 'नासणे'वरून आलेला अस्सल मराठी शब्द!

सहअनुवादक
नासणेशी संबंध नाही. नासूर अरबी. त्याच्याच जोडीचा बासूर, त्याचं अनेकवचन बवासीर, जे हिंदीत मूळव्याधीला म्हणतात.

शुद्धमराठी
म्हणजे परकाच.

मोडी
आजोबांच्या तोंडी होता तो परका कसा? परिकर्तिका कुणाच्या आजोबांच्या तोंडी होता?

अनुवादिका
नासूर मला आवडतो, पण घाबरवतो. 'कधीच न भरणारी जखम' अशी त्याची छटा आहे, आणि फिस्टुला बरा होतो. मोडीजी, आजोबा भगंदर म्हणायचे का?

मोडी
भगिंदर म्हणायचे. त्यांना होतं. उशी घेऊन एका कुशीवर बसायचे. आम्ही विचारलं की म्हणायचे, "अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य." आमच्या घरात खरंच जावई डॉक्टर होता आणि आजोबांनी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती म्हण मला तेव्हापासून हसून म्हणता येत नाही.

कोंब
मूळ प्रश्नाला सोडून आहे, पण 'मूळव्याधीचे मोड' ह्याबद्दल बोला ना. मोड म्हटल्यावर काहीतरी नवीन उगवलंय असं वाटतं. प्रत्यक्षात रक्तवाहिन्यांच्या त्या गाद्या प्रत्येकाच्याच गुदमार्गात असतात. त्या सुजतात, खाली सरकतात, तेव्हा त्रास होतो. 'मोड कापून टाका' ही मागणी या शब्दातूनच येते. मला वाटतं मूळ आहे म्हणून मोड आला, जोडी जमवायला.

जुनी पोथी
संस्कृतात अर्शाला, म्हणजे मूळव्याधीला, मांसाचा अंकुरच म्हटलंय. मोड तिथूनच आला असणार.

ओपीडीतली
मोड राहू द्या, लोकांना कळतो. 'अंग बाहेर येणे' मात्र पत्रकात नको. गुदभ्रंशालाही, म्हणजे गुदमार्ग बाहेर सरकण्यालाही, तेच म्हणतात आणि गर्भाशय खाली येण्यालाही. दोन वेगळ्या तपासण्या, दोन वेगळे विभाग. एक बाई या शब्दापायी पूर्ण सकाळ चुकीच्या रांगेत बसल्या होत्या. आणि रक्ताबद्दल ठळक लिहा: सगळं रक्त मूळव्याधीचं नसतं. शौचाची सवय बदलली, वजन उतरलं, रक्त काळपट आलं तर आतड्याच्या कर्करोगासाठीही तपासावं लागतं. 'मूळव्याधच असेल' म्हणून वर्ष काढलेली माणसं मी पाहिली आहेत.

शुद्धमराठी
'तपासण्या' ठीक, पण 'ओपीडी'ला बाह्यरुग्ण विभाग म्हणता येईल.

अनुवादिका
उद्या मजकूर द्यायचाय. तूर्त 'भगंदर, म्हणजेच फिस्टुला' असं लिहिते आणि खाली पुटकुळीचं वाक्य. लाल गोल परत आला तर इथेच येईन. गुदद्वार लिहू की शौचाची जागा, हे अजून ठरत नाहीये.

मोडी
शौचाची जागा म्हणजे संडास असंही कुणी वाचेल.

नवा सभासद
गुरुवारची वेळ घेतली आहे. तिथे काय म्हणून सांगू, भगंदर की फिस्टुला?

ओपीडीतली
काहीच नाव देऊ नका. पुटकुळी येते, फुटते, परत येते, एवढंच सांगा.