गोल्फ कार्टचं मागचं चाक घासतंय : पाटे बदलायचे की लिफ्ट किट घालायचं?

जांबोटीकर
जांबोटी भागातल्या एका रिसॉर्टवरची जुनी गोल्फ कार्ट माझ्याकडं देखभालीला आहे. मागं उलट्या तोंडाची सीट जोडलेली. 18 इंची (उभी उंची) टायर झिजले म्हणून मालकांनी 20 चे घातले. दोघं पुढं बसले तर गाडी झकास चालते. मागं दोन पाहुणे बसले आणि जांभ्याच्या वाटेवर खड्डा आला की डावं मागचं चाक मडगार्डला घासतं, रबर करपल्याचा वास सुटतो. जो तो सांगतो, 6 इंची लिफ्ट किट (बॉडी उंच करायचं सामान) आणि 22 चे टायर घाला, कटकट मिटेल. मला हे अजिबात पटत नाही. टायर दोन्हीकडं सारखेच, मग घासतं डावंच का? दुखणं पाट्यात, म्हणजे चाकावरच्या कमानी स्प्रिंगच्या पट्ट्यांत आहे. आधी पाटे बघा, मग बाकीचं. तुमचं मत सांगा.

खानापूरचा शेतकरी
तुम्ही पाट्यांत अडकलाय. आमच्याकडं जूनपासून पाऊस धरला की वाटेत चाकोरी पडते आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. पाटे नवे घातले तरी गाडी तेवढीच खाली राहणार. उंच करायलाच पाहिजे. पाहुणे चिखलात अडकले तर ढकलायला तुम्हीच जाणार ना?

उद्यमबागचा फिटर
खानापूरच्या भाऊंचा अनुभव खरा आहे, पण लिफ्ट किटनं काय उंच होतं ते बघा. किटनं बॉडी वर जाते. मागचा एक्सल (दोन चाकांमधला दांडा) आणि त्याचा मधला गोळा, म्हणजे गिअरचा डबा, आहे तिथंच राहतो. उंचवट्याला आधी लागतो तोच. तो वर जातो फक्त टायरमुळं, आणि तोही फरकाच्या निम्मा. 18 चे काढून 22 चे घातले तर गोळा 2 इंच वर. त्या 2 इंचासाठी काय मोजायचं? चाकाचा घेर 22 टक्क्यांनी वाढला. सपाटीवर गाडी जोरात पळेल, पण चढावर ओढ कमी. मोटर जास्त करंट खाणार, तापणार. ब्रेक तेच जुने, बहुतेक गाड्यांना फक्त मागचे ड्रम. शिवाय बॉडी उंच झाल्यानं वळणावर गाडी कलणार, त्यात मागं तोंड करून लेकरं बसलेली. किट घालताना ब्रेकच्या केबली आणि मोटरच्या जाड वायरी ताणल्या जातात, तेही कुणी बघत नाही.

आता मूळ दुखणं. मडगार्डच्या आतल्या कडेला खडू फासा, मागं दोन माणसं बसवून फिरवा, मग खडू टायरवर कुठं लागला ते बघा. वरच्या नक्षीवर लागला तर उंचीचा प्रश्न. बाजूच्या भिंतीवर लागला तर डिस्कच्या ऑफसेटचा (टायरची डिस्क किती आत-बाहेर बसते त्याचा) किंवा एक्सल सरकल्याचा. आतल्या भिंतीला पाट्याची नाहीतर शॉकॲब्सॉर्बरची खूण असेल तर खडूसुद्धा नको, डोळ्यांना दिसेल.

शहापूरकर
एवढं कशाला? चाकामागं स्पेसरची चकती घाला, चाक बाहेर येईल, संपलं.

उद्यमबागचा फिटर
चाक आत घासत असेल तरच. इथं मडगार्डला घासतंय. बाहेर काढलं तर ते कडेखालीच येईल आणि जास्त चावेल. वर बेअरिंगवर ओढ वाढेल ती वेगळीच.

निपाणीकर
मी मडगार्ड कापण्याच्या बाजूचा. प्लास्टिकच तर आहे. कड थोडी कापली, घासून गोल केली, झालं. फुकटात काम. पाटे मागवून वाट बघत बसण्यापेक्षा बरं.

जांबोटीकर
कापलेलं परत जोडता येत नाही हो. आणि पाटा बसत चालला असेल तर आज कापलेली फट उद्या पुरणार नाही. फिटरमामांचं ऐकून खडू लावला. खूण वरच्या नक्षीवर आली, डावीकडंच. मग सपाट फरशीवर गाडी उभी करून डिस्कच्या मधापासून मडगार्डपर्यंत दोन्हीकडं मापलं. डावी बाजू सरळ खाली आहे. डाव्या पाट्याची कमान जवळजवळ सपाट झालीय, शॅकलचा (पाट्याचं टोक धरणाऱ्या कडीचा) बुशही खाल्लाय.

उद्यमबागचा फिटर
मग ठरलं. मागच्या सीटवरचं वजन एक्सलच्याही मागं पडतं. तरफेसारखं काम होतं, माणसांच्या वजनापेक्षा जास्त भार मागच्या पाट्यांवर येतो आणि पुढचं टोक हलकं होतं. मागच्या सीटवाल्या गाडीला जड पाटेच पाहिजेत. जोडीनं बदला, एकच नको. बुश नवे घाला. पाटा एक्सलला धरणारे यू-बोल्ट आवळा, लोड घेऊन थोडं फिरवा, परत आवळा. पाट्याच्या मधला सेंटर बोल्ट तुटलेला नाही ना तेही बघून घ्या, तो गेला की एक्सल तिरका होतो. टायरची हवा 18 ते 22 पौंडांत ठेवा.

खानापूरचा शेतकरी
पाट्याचं मान्य. पण 20 चे टायर काढू नका. माझा मुद्दा चिखलाचा आहे आणि तो पाट्यानं सुटत नाही. 18 वर परत गेलात तर गोळ्याखालचा 1 इंच गेला.

जांबोटीकर
20 चेच ठेवतो. जड पाट्यांनी मागचं टोक थोडं उचललं जाईल. तरी लोडवर टेकलंच तर पाट्याखाली छोटा ब्लॉक घालू, मडगार्डला हात लावणार नाही. चाकोरीत मात्र जांभ्याची खडी भरून घ्या असं मालकांना सांगितलंय, वाट दुरुस्त करायची सोडून गाडी उंच करून कसं चालेल?

खानापूरचा शेतकरी
खडी एका पावसात वाहून जाते. कडेनं चर मारायला सांगा, पाणी आधी काढा.