नॉनकोडिंग आरएनए: काम किती, अडगळ किती?

जिज्ञासू: मानवी जीनोमचा (पेशीतील संपूर्ण डीएनएचा) दोन टक्क्यांहूनही कमी भाग प्रथिनांची माहिती देतो, असे वाचनात आले. उरलेल्या भागापैकी बराच भाग पेशी आरएनएच्या, म्हणजे डीएनएवरून बनणाऱ्या प्रतीच्या, रूपात उतरवून घेते, पण त्यातून प्रथिन बनत नाही. मग हे आरएनए करतात तरी काय? आणि ज्याचा आरएनए बनतो त्याला काम असतेच, असे मानावे का?

पेशीवेध: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: मानू नये. पहिल्यासाठी सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीकडे पाहा. त्याचे लिन-४ जनुक बिघडले की अळी पहिल्याच अवस्थेतील पेशीविभाजनाचा क्रम पुन्हा गिरवत राहते. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस यांच्या गटाने दाखवले की या जनुकातून प्रथिन नव्हे, तर अवघ्या २२ न्यूक्लिओटाइडांचा (साखळीतील दुव्यांचा) आरएनए निघतो. तो लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएच्या (ज्यावरून प्रथिन बनते त्या आरएनएच्या) शेवटच्या भागाला अर्धवट जुळून चिकटतो आणि त्या प्रथिनाची निर्मिती रोखतो, हे त्यांच्या आणि गॅरी रुव्हकुन यांच्या निष्कर्षांची सांगड घातल्यावर उलगडले. पुढे बरीच वर्षे हा कृमींचाच विक्षिप्तपणा समजला गेला. २००० मध्ये लेट-७ हा असाच दुसरा छोटा आरएनए माशीपासून माणसापर्यंत जसाच्या तसा आढळला, तेव्हा कुठे सर्वांचे डोळे उघडले. नोबेलला मात्र २०२४ उजाडले.

साशंक: माझा आक्षेप सरसकट दाव्यांना आहे. २०१२ मध्ये मानवी जीनोममधील कार्यरत भाग शोधणाऱ्या एन्कोड प्रकल्पाने ८० टक्के जीनोमला 'कार्य' बहाल केले, पण त्यात कोणतीही जैवरासायनिक हालचाल कार्य म्हणून धरली होती. ऑस्ट्रेलियन फुप्फुसमाशाचा जीनोम माणसाच्या सुमारे १४ पट आहे. तो सगळा कामाचा असेल, हे पटत नाही. मॅलॅट१ हा आरएनए पेशीकेंद्रकात विपुल असतो, तरीही तो काढून टाकलेले उंदीर जगतात आणि प्रजननही करतात.

जिज्ञासू: म्हणजे काढून पाहणे हीच खरी कसोटी का?

पेशीवेध: बऱ्याच अंशी, पण प्रयोगशाळेतल्या सुरक्षित पिंजऱ्यात जे खपते ते बाहेरही खपेल असे नाही, शिवाय कोणाकडून आलेली प्रत काढली, यानेही फरक पडतो. एक्सिस्ट हा लांबलचक आरएनए माद्यांच्या पेशीत दोनपैकी एका एक्स गुणसूत्राला वेढून ते बंद करतो. उंदराच्या वारेत (गर्भाला पोसणाऱ्या अवयवात) नेहमी पित्याकडूनच आलेले एक्स बंद होते. त्यामुळे पित्याकडील प्रतीत हे जनुक नसेल तर मादी भ्रूण गर्भातच दगावतात. त्याच पित्याचे नर पिल्लू मात्र त्याच्याकडून वाय गुणसूत्र घेते आणि सुखरूप जन्मते.